पहिली दहा मिनिटे कुणाची?

कोणत्याही जिल्ह्याच्या गावात शिरताना हल्ली पहिले दर्शन घडते ते इस्पितळांच्या जाहिरातफलकांचे. हाताची घडी घालून उभे असलेले पाच-सहा डॉक्टर, मागे काचेची इमारत आणि खाली ठळक अक्षरांत ‘चोवीस तास कॅथलॅब’, ‘अद्ययावत स्ट्रोक युनिट’, ‘कार्डियाक ॲम्ब्युलन्स’. या फलकांबद्दल माझ्या मनात असूया नाही. मी त्याच व्यवसायातला आहे. गेली तीसहून अधिक वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करतो आहे. छातीत कळ आलेल्या माणसाला प्राणवायू, एखादे इंजेक्शन आणि दिलासा यापलीकडे फारसे काही देता येत नव्हते, तो काळ मी पाहिला आहे. तिथे आज तासाभरात तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करून मिळते, ही मोठीच गोष्ट झाली. पण हे फलक पाहताना एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ज्याचे हृदय एस.टी. स्टँडवर, शेताच्या बांधावर किंवा घरी जेवता जेवता थांबले, तो माणूस या काचेच्या इमारतीपर्यंत जिवंत पोहोचणार कसा?

बहुतेक वेळा तो पोहोचत नाही, हे या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. ‘प्रगत उपचार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे येतात, महागडी औषधे येतात, मोठ्या शहरातले तज्ज्ञ येतात. त्यासाठी माणसे शेत गहाण टाकायला तयार होतात. पण अचानक बंद पडलेल्या हृदयाच्या बाबतीत निकाल लागतो तो पहिल्या आठ-दहा मिनिटांत, आणि त्या मिनिटांत डॉक्टर तिथे नसतोच. तिथे असतो बसचा कंडक्टर, शेजारचा दुकानदार, स्वयंपाकघरातून धावत आलेली सून. त्यांना काही शिकवलेले नसेल, तर मागाहून येणारी सगळी प्रगती म्हणजे वरातीमागून घोडे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या माणसांना तयार करणे हाच प्रगत उपचारांचा पहिला आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. आणि नेमका तोच भाग सरकारने, आम्हा डॉक्टरांनी आणि समाजानेही वाऱ्यावर सोडला आहे.

पुढे जाण्याआधी एक घोळ दूर केला पाहिजे. वर्तमानपत्रात ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’ असे छापून येते, तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. शेतकरी रुग्णांना समजावताना मी विहिरीवरच्या मोटारीचा दाखला देतो. हार्ट ॲटॅक म्हणजे पाइपात गाळ अडकणे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबते, छाती आवळते, दरदरून घाम फुटतो. पण हृदय चालू असते, माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो. त्याला तातडीने दवाखान्यात न्यायला थोडा तरी अवधी असतो. हृदय अचानक बंद पडणे हा मात्र विजेचा बिघाड. तीन फेजपैकी एक फेज गेली की मोटार जागच्या जागी गुं-गुं करते, थरथरते, पण फिरत नाही आणि पाण्याचा थेंब वर येत नाही. हृदयाचेही तसेच होते. त्याचे ठोके पडायचे थांबतात आणि स्नायू नुसता वेडावाकडा थरथरत राहतो. काही सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, पण दोन्हींचे घड्याळ वेगळे आहे. पहिल्याचे घड्याळ तासांचे, दुसऱ्याचे मिनिटांचे.

हे घड्याळ किती निष्ठुर आहे पाहा. छातीवर दाब देणारे कुणी नसेल, तर विजेचा झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. दहा मिनिटे गेली की हातात जवळपास काही उरत नाही. कुणी लगेच दाब द्यायला सुरुवात केली, तर ही घसरण मंदावते. जगण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट होऊ शकते. कारण त्या दोन हातांनी मेंदूला थोडे का होईना, रक्त पोहोचत राहते.

आणि आपल्याकडे त्या दहा मिनिटांत काय घडते? माणूस कोसळला की भोवती कडे पडते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी तळवे चोळतो, कुणी तोंडात पाणी घालतो. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीला काही जणांच्या हातापायांना झटके येतात; ती फिट समजून मुठीत किल्ल्यांचा जुडगा दिला जातो. त्याहून मोठा घात करतात ते आचके. बंद पडलेल्या हृदयाचा माणूस काही मिनिटे अधूनमधून घरघर करीत आचके देतो. लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे, थांबा, येईल शुद्धीवर.’ ते श्वास नव्हेत. मेंदूचा तो शेवटचा आकांत असतो. हाक मारून, खांदे हलवून माणूस ओ देत नाही आणि त्याचा श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले की हृदय थांबले असे धरूनच चालायचे. नाडी शोधत बसायचे नाही.

पुढची कृती अगदी साधी आहे. एकाने १०८ क्रमांक फिरवायचा आणि फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने माणसाला कडक जागेवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबायचे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, प्रौढ माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतके जोरात, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमल्यावर दुसऱ्याने हात लावायचे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी मार्गदर्शक सूचना केल्या, त्याही केवळ छातीवर दाब देण्याच्या. तोंडाने श्वास देण्याचा संकोच त्यात आडवा येत नाही. प्रशिक्षण अर्ध्या तासाचे आहे. त्यासाठी दहावी पास असण्याचीही गरज नाही.

ही विद्या केवळ डॉक्टरांच्या कुळातली आहे, हा समज तिच्या इतिहासाकडे पाहिले तरी टिकत नाही. छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून १९६० साली जगापुढे आले. ते मांडणाऱ्या तिघांपैकी विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते होते. शिकण्यासाठी जो पुतळा वापरतात, तो ऑसमुंड लार्डाल या नॉर्वेतल्या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थाने तयार केला. पीटर साफार या भूलतज्ज्ञाने १९६७ पासून पिट्सबर्गमधल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या, बहुतांशी बेकार असलेल्या तरुणांना शिकवून ‘फ्रीडम हाऊस’ ही ॲम्ब्युलन्स सेवा उभी केली. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या पॅरामेडिकांमध्ये या तरुणांची गणना होते. आणि बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी १९६५-६६ च्या सुमारास मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे शॉकचे यंत्र गाडीत घालून रुग्णाच्या दारी नेले. रुग्णाने यंत्राकडे येण्याची वाट न पाहता यंत्र रुग्णाकडे गेले पाहिजे, हा विचार इतका जुना आहे.

आता कुणी म्हणेल की, ‘डॉक्टर, तुम्ही पायाचे महत्त्व सांगता, पण कळसही हवाच ना?’ हवाच. पण कळसाने किती फरक पडतो, हे मोजून पाहिले गेले आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या सतरा शहरांत शॉक लवकर देण्याची व्यवस्था आधी बसवली होती. मग तिच्यावर प्रगत उपचारांची भर घातली. श्वासनलिकेत नळी घालणे, शिरेतून औषधे देणे वगैरे. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जिवंत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण आधी ५.० टक्के होते, नंतर ५.१ टक्के. कुणीतरी डोळ्यांदेखत पाहिलेले असणे, पाहणाऱ्याने दाब देणे आणि शॉक लवकर मिळणे या तीन गोष्टींनी मात्र मोठा फरक पडत होता. ब्रिटनमध्ये आठ हजारांवर रुग्णांवर ॲड्रेनॅलिनची चाचणी झाली, तिचा निकाल २०१८ साली आला. औषध मिळालेल्यांपैकी ३.२ टक्के महिनाभर जगले, न मिळालेल्यांपैकी २.४ टक्के, आणि मेंदू शाबूत राहून जगणाऱ्यांच्या प्रमाणात ठाम म्हणावा असा फरक आढळला नाही. अतिदक्षता विभागात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे आकडे नम्र करतात.

याच्या उलट चित्र पाहायचे तर लास व्हेगासच्या जुगारगृहांत जावे लागेल. तिथल्या पहारेकऱ्यांना छातीवर दाब द्यायला आणि स्वयंचलित शॉक यंत्र वापरायला शिकवले होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार, ज्यांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांतले ७४ टक्के जगले. तीन मिनिटांनंतर मिळाला, त्यांतले ४९ टक्के. पहारेकरी, डॉक्टर नव्हेत! हे यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते, शॉकची गरज असेल तरच देते आणि काय करायचे ते बोलून सांगते. सिनेमात पडद्यावरची रेघ सरळ झाली की नायकाला शॉक देतात, ती निव्वळ लोणकढी आहे. सरळ रेघेला शॉक द्यायचा नसतो. तो थरथरणाऱ्या हृदयासाठी असतो. यंत्राला हे कळते, म्हणून ते चुकून भलत्या माणसाला शॉक देईल ही भीती बाळगायचे कारण नाही.

डेन्मार्कचे उदाहरण आपल्याला अधिक उपयोगी आहे, कारण तिथे हे जुगारगृहापुरते राहिले नाही. त्या देशाने २००५ साली शाळांमध्ये आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचे केले. २००१ साली इस्पितळाबाहेर हृदय थांबलेल्या पाचांपैकी एकालाच जवळच्या माणसाकडून दाब मिळत होता. २०१० साली ते प्रमाण ४५ टक्क्यांच्या घरात गेले. त्याच काळात तीस दिवस जगणाऱ्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर पोहोचले. यात इस्पितळांतल्या सुधारणांचाही वाटा होता, हे मान्य. तरीही दिशा स्पष्ट आहे. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात ख्रिश्चन एरिक्सन हा फुटबॉलपटू खेळता खेळता कोसळला, तेव्हा साऱ्या जगाने ही साखळी डोळ्यांनी पाहिली. लगेच दाब, मैदानावरच शॉक, मग इस्पितळ. पुढल्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला.

आपल्याकडे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत उपचारांच्या होत्या आणि प्रत्येकीत डॉक्टर असेल अशी योजना होती. अपघात, बाळंतपण, सर्पदंश यांत या सेवेने वाचवलेले जीव मी स्वतः पाहिले आहेत. पण तिचे उद्दिष्टच शहरात वीस आणि ग्रामीण भागात तीस मिनिटांत पोहोचण्याचे होते. ते शंभर टक्के पाळले गेले तरी बंद पडलेल्या हृदयासाठी दहा मिनिटे उशीर झालेला असतो. हा दोष गाडीचा नाही, चालकाचा नाही. घाटरस्ते, वाहतूक आणि अंतर यांच्याशी कुणी भांडू शकत नाही. म्हणूनच गाडी येईपर्यंतची मिनिटे कुणीतरी धरून ठेवली पाहिजेत.

दोन प्रसंग सांगतो. एका लग्नात वधूचे मामा अक्षता पडल्यावर कोसळले. वय अठ्ठावन्न. मांडवात चारशे माणसे होती. त्यांत शिक्षक होते, एक निवृत्त फौजदार होते. मामांना उचलून जीपमध्ये घालून आमच्याकडे आणले, तेव्हा पस्तीस मिनिटे झाली होती. वाटेत कुणी छातीला हात लावला नव्हता. मुलगा माझा हात धरून म्हणत होता, ‘डॉक्टर, शॉक द्या, पैशाचं बघू नका.’ पैशाचा प्रश्नच उरला नव्हता. दुसरा प्रसंग एका कारखान्यातला. तिथे सुरक्षा सप्ताहात कामगारांना पुतळ्यावर सराव दिला होता. कँटीनमध्ये एक फिटर कोसळला, तर त्याच्या दोघा सोबत्यांनी आळीपाळीने अकरा मिनिटे दाब दिला. गाडी आली, शॉक दिला, ठोके परतले. पुढे त्याची अँजिओप्लास्टी झाली, दोन महिन्यांनी तो कामावर गेला. दोन्ही माणसांचा आजार एकच होता. आमचे इस्पितळ, आमची औषधे, मीही एकच. फरक होता तो आमच्या दारापलीकडच्या मिनिटांत.

यातली आणखी एक विसंगती बोलून दाखवली पाहिजे. ज्या समाजात रस्त्यावर पडलेल्या पन्नाशीच्या माणसाला दाब मिळत नाही, त्याच समाजात नव्वदीच्या, कर्करोगाने पोखरलेल्या, शांतपणे निघालेल्या आजीच्या छातीवर अतिदक्षता विभागात अर्धा अर्धा तास दाब दिला जातो. का, तर ‘सगळे केले’ असे नातेवाइकांना म्हणता यावे आणि डॉक्टरांना कागदावर दाखवता यावे. जिथे हवे तिथे नाही आणि नको तिथे मुबलक! सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले, २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. किती घरांत हा विषय निघतो? अवेळी थांबलेले हृदय आणि आयुष्य संपवून थांबलेले हृदय यांतला फरक ओळखणे, हाही प्रगत उपचारांचाच भाग आहे.

आता पक्षाघाताकडे वळतो. इथे शेजाऱ्याच्या हाती उपचार नाही, पण घड्याळ मात्र त्याच्याच हाती आहे. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबल्यावर मिनिटाला सरासरी एकोणीस लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. २०१५ पासून मांडीच्या किंवा मनगटाच्या शिरेतून तार घालून मोठी गुठळी ओढून काढण्याचा उपाय सिद्ध झाला आहे. तो सहा तासांपर्यंत आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत लागू पडतो. पण त्याआधी सीटी स्कॅन हवाच. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही, आणि एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरते. म्हणून घरी ॲस्पिरिन द्यायची नाही, पाणी पाजायचे नाही. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे बोबडे झाले, अचानक तोल गेला किंवा एकाएकी दिसेनासे झाले, तर घड्याळ पाहायचे आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवायची.

प्रत्यक्षात काय होते? ‘वारे गेले’ म्हणून मालीश सुरू होते. कुठे कबुतराचे रक्त चोळतात, कुठे अमक्या गावच्या तमक्या औषधासाठी गाडी उलट दिशेला धावते. सकाळी लुळा पडलेला हात ‘रात्री अंगाखाली आला असेल’ म्हणून दुपारपर्यंत तसाच राहतो. अलीकडे त्यात मोबाइलवरच्या संदेशांची भर पडली आहे. पक्षाघात झाला तर बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा, हृदय थांबू लागले तर जोरजोरात खोकत राहा, असे संदेश उच्चशिक्षित माणसे मला पाठवतात आणि ‘खरे का?’ म्हणून विचारतात. ही दोन्ही साफ खोटी आहेत, आणि ती पुढे पाठवणारा कुणाचा तरी मोलाचा तास खातो आहे.

पण सगळा दोष लोकांच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. हेलसिंकीच्या विद्यापीठ इस्पितळात १९९८ साली रुग्ण दाराशी आल्यापासून इंजेक्शन देईपर्यंत १०५ मिनिटे लागत. २०११ साली वीस लागू लागली. त्यांनी कामाची पद्धत बदलली. ॲम्ब्युलन्सने आधी फोन करायचा, डॉक्टरने दारात उभे राहायचे, रुग्णाला त्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीकडे न्यायचे आणि इंजेक्शन तिथेच टेबलावर द्यायचे. आमच्याकडे रुग्ण आधी केसपेपरच्या रांगेत, मग अनामत रकमेच्या खिडकीशी. तातडीच्या रुग्णावर उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात बजावले होते. आपल्याच देशात हिमाचल प्रदेशाने जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियनांना फोनवरून मेंदुविकारतज्ज्ञांचा सल्ला आणि सरकारी खर्चाने हे इंजेक्शन देण्याची सोय करून दाखवली. डोंगराळ हिमाचलला जे जमते, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याला का जमू नये?

हृदयाची बिघडलेली लय आणि पक्षाघात यांचा एक आतला धागाही आहे. हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरू लागले की तिथे रक्त साकळते, गुठळी होते आणि ती थेट मेंदूत जाते. म्हातारपणी हे होतेच. पण लहानपणच्या सांधेज्वराने हृदयाची झडप आकसलेली तिशी-पस्तिशीतली स्त्री लुळी पडून येते, तेव्हा मनाला फार लागते. तिची नाडी कुणी अर्धा मिनिट बोटांखाली धरली असती, एक साधा ईसीजी काढला असता, रक्त पातळ ठेवणारी स्वस्त गोळी नियमित तपासणीसह चालू ठेवली असती, तर बहुधा ती चालत राहिली असती. पळताना किंवा काम करताना अचानक येणारी भोवळ, घरात तरुणपणी झालेला आकस्मिक मृत्यू, कारण नसताना सुटणारी धडधड, या खुणांना आपण ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक देतो. त्यांची जागा ईसीजीच्या कागदावर आहे.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतात, ते मला ठाऊक आहेत. पहिला: ‘अडाणी हातांनी फासळ्या मोडतील.’ मोडतात, प्रशिक्षित हातांनीही कधी कधी मोडतात. मोडलेली फासळी जुळून येते. दुसरा: ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल.’ मदत करणाऱ्याला २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. पण त्या कलमाची भाषा रस्ते-अपघातापुरती आहे. ती कोसळलेल्या कोणत्याही माणसाला मदत करणाऱ्यापर्यंत वाढवली पाहिजे. तिसरा आक्षेप वजनदार आहे: ‘गावात प्यायला पाणी नाही, आरोग्यकेंद्रात परिचारिका नाही, आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?’ माझे उत्तर असे की, या साऱ्या उपायांत सर्वांत स्वस्त उपाय मी मागतो आहे. दोन हात फुकट आहेत. पुतळा नसेल तर उशीवर शिकवता येते. आणि एवढे करूनही दहांतले आठ-नऊ वाचणार नाहीत, हेही मी लपवीत नाही. पण वाचणारा तो एक-दोन कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नववीच्या वर्गात वर्षातून दोन तास आणि वाहन परवान्याच्या वेळी अर्धा तास हे प्रशिक्षण सक्तीचे करा. एस.टी. चालक-वाहक, पोलीस, आशा सेविका, मंगल कार्यालयांचे आणि व्यायामशाळांचे कर्मचारी यांच्यापासून आरंभ करा. मोठे बस स्टँड, रेल्वे स्थानके, नाट्यगृहे, यात्रेची ठिकाणे इथे शॉक यंत्र ठेवा. त्याची किंमत साधारण लाख-दीड लाखाच्या आसपास असते, म्हणजे एखाद्या स्वागतकमानीहून कमीच. मात्र ते साहेबांच्या कपाटात कुलूपबंद नको, भिंतीवर हवे, आणि बॅटरी तपासल्याची नोंद दर महिन्याला हवी. १०८ वर फोन करणाऱ्या प्रत्येकाला गाडी निघाल्याचे सांगून न थांबता, ‘छातीच्या मधोमध हात ठेवा, मी मोजतो’ असे मराठीतून सांगणारा माणूस पलीकडे हवा. सिएटलजवळच्या किंग काउंटीत हे १९८० च्या दशकापासून होते आहे. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन व गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असलेच पाहिजे.

यातले सरकारने करायचे ते सरकार करील तेव्हा करील. वाचकांना आज करता येण्याजोगे एक काम आहे. तुमच्या गृहनिर्माण संस्थेच्या, गणेश मंडळाच्या किंवा ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला, भूलतज्ज्ञांच्या किंवा डॉक्टरांच्या संघटनेला पत्र पाठवा, त्यांच्यापैकी कुणाला तरी एका रविवारी बोलवा, आणि चाळीस-पन्नास जणांनी सतरंजीवर गुडघे टेकून पुतळ्यावर दाब देऊन पाहा. आम्हा डॉक्टरांनी बोलावणे आल्यावर ‘वेळ नाही’ म्हणू नये, एवढे मी माझ्या व्यवसायबंधूंना सांगतो. आपले हृदय थांबेल तेव्हा आपण स्वतः काहीच करू शकणार नाही. जे करायचे ते शेजाऱ्याने करायचे आहे, आणि त्याला ते येते की नाही याची चौकशी आपण धडधाकट असतानाच केलेली बरी.